बाळाचा ताप मोजताना: जुन्या सवयी कोणत्या सोडायच्या, आणि नेमकं काय करायचं

पहिलं मूल घरी आलं की ताप मोजायचं शिक्षण फुकट मिळतं, आणि भरपूर मिळतं. आजी पालथा हात कपाळाला लावून बघते. आत्या सांगते, काखेतला येईल त्यात एक मिळवायचा. शेजारचे काका कोविडात घेतलेली बंदूक आणून देतात. यातलं बरंचसं एकेकाळी दवाखान्यांतूनच घराघरांत आलेलं आहे. दवाखाने पुढे सरकले (सगळे नाहीत), घरं तिथेच राहिली. त्यामुळे बाळ तापलं की रात्री दोन वाजता घरात तीन आकडे असतात आणि कोणता खरा यावर वाद चाललेला असतो.

हा लेख पहिल्यांदाच आई-बाबा झालेल्यांसाठी आणि त्यांच्या मदतीला आलेल्या आजी-आजोबांसाठी आहे. खाली सगळे आकडे फॅरेनहाइटमध्ये दिले आहेत, कारण आपल्याकडे घरात आणि दवाखान्यात तेच बोलले जातात. तुमचं यंत्र ३७-३८ असं काही दाखवत असेल तर ते सेल्सिअसवर आहे. बऱ्याच डिजिटल थर्मामीटरमध्ये बंद असताना बटण काही सेकंद दाबून धरलं की एकक बदलतं.

आधी कपाटातलं काचेचं थर्मामीटर बाहेर काढा

त्याच्या टोकाला चांदीसारखा चमकणारा द्रव असेल तर तो बहुधा पारा. (हल्ली गॅलियमच्या मिश्रधातूचीही काचेची थर्मामीटरं मिळतात, त्यांच्या खोक्यावर तसं लिहिलेलं असतं.) पाऱ्याचं थर्मामीटर वाईट मोजत होतं असं अजिबात नाही. नीट झटकून पारा ९५ च्या खाली आणला आणि काखेत पुरेसा वेळ धरला, तर ते उत्तम मोजायचं. अडचण ते फुटल्यावर सुरू होते. घरच्या उबेत पाऱ्याची वाफ होते, ती दिसत नाही, तिला वास नाही, आणि रांगणारं मूल नेमकं जमिनीलगत श्वास घेत असतं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००१ सालीच पालकांना सांगितलं की घरात पाऱ्याचं थर्मामीटर ठेवू नका. त्याच वर्षी तमिळनाडूत कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना बंद पडला, कारण फुटक्या, पारा असलेल्या थर्मामीटरांचा ढीग गावातल्या भंगारवाल्याकडे सापडला होता. पुढे पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला, २०१८ मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली. त्या करारात पाऱ्याच्या थर्मामीटरचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवण्यासाठी २०२० ही मुदत होती. तेव्हा एखादा दुकानदार "जुना माल आहे, पण एकदम अचूक" म्हणून ते पुढे करत असेल तर नको म्हणा.

आणि फुटलंच तर? मुलाला आधी दुसऱ्या खोलीत न्या. खिडक्या उघडा. झाडू मारू नका आणि व्हॅक्यूम क्लीनर तर बिलकूल लावू नका. दोन्हींनी पाऱ्याचे बारीक थेंब होऊन पसरतात. हातातल्या सोन्याच्या अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा, कारण पारा सोन्याला चिकटतो आणि सोनं पांढरं पडतं. मग हातमोजे घालून जाड कागदाने थेंब एकमेकांत ढकलत मोठा थेंब करा, ड्रॉपरने उचला, उरलेले कण चिकटपट्टीने टिपा. हे सगळं झाकणाच्या काचेच्या बरणीत थोड्या पाण्याखाली ठेवा आणि बरणीवर चिठ्ठी लावा. मोरीत ओतू नका. घातक कचरा वेगळा घेण्याची सोय नगरपालिकेकडे असेल तर तिथे द्या.

मुलाने तोंडात चावून फोडलं असेल तर घाबरगुंडी उडते, ते साहजिक आहे. पण गिळलेला पारा आतड्यातून फारसा शोषला जात नाही. तिथे जास्त काळजी काचेची. उलटी करवू नका, तोंडातले तुकडे दिसतात तेवढे काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

९८.६ या आकड्याला एवढं घाबरू नका

हा आकडा कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांच्या १८६८ सालच्या ग्रंथातून जगभर गेला. लाइपझिगच्या रुग्णालयात त्यांनी हजारो रुग्णांचं तापमान काखेत मोजलं. तेव्हाचं थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होतं आणि पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवावं लागे. १९९२ मध्ये अमेरिकेत निरोगी प्रौढांचं तापमान पुन्हा तोंडात मोजून पाहिलं तेव्हा सरासरी ९८.२ आली.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की "नॉर्मल" हा एक ठिपका नसून पट्टा आहे. पहाटे तापमान सगळ्यांत खाली असतं, संध्याकाळी चार ते सहाच्या सुमाराला वर. धिंगाणा घालून आलेल्या, रडून लाल झालेल्या किंवा नुकतंच पोटभर प्यायलेल्या मुलाचं थोडं जास्तच येणार. म्हणून मूल ठणठणीत असताना एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी मोजून ठेवा. तुमच्या मुलाचा, तुमच्या थर्मामीटरवरचा नेहमीचा आकडा माहीत असला की पुढचे निम्मे वाद मिटतात.

शीच्या जागेतून ताप मोजणं: सोडायची की नाही?

जुन्या पद्धतींमध्ये सगळ्यांत मोठा मतभेद इथे आहे. विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांतल्या बालरुग्णालयांत गुदद्वारातून तापमान घेणं हीच खरी पद्धत मानली जायची. शरीराच्या आतल्या उष्णतेच्या जवळचा आकडा मिळतो, हे त्यामागचं कारण. अनेक ठिकाणी नवजात बाळाचं पहिलं तापमान मुद्दाम असंच घेत, म्हणजे शीची जागा जन्मतः उघडी आहे की नाही तेही कळेल. थर्मामीटर हे काही तपासणीची सळई नाही, पण वापर तसाच व्हायचा. नवजात बाळाचं गुदाशय आत थोड्याच अंतरावर वळतं. सरळ काचेची कांडी तिथे टोचून आतड्याला भोक पडल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. दुर्मीळ, पण झालेल्या.

शिवाय ही पद्धत वाटते तेवढी चोख नाही. ताप भराभर चढत किंवा उतरत असेल तर गुदाशयातलं तापमान मागे रेंगाळतं. आणि थोड्या मोठ्या मुलाच्या दृष्टीने हा सरळसरळ अपमान असतो. दीड-दोन वर्षांचं मूल दोघांनी धरून ठेवायचं आणि रडवून आकडा काढायचा, यात कोणाचं काय साधतं?

ब्रिटनमधल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आज स्पष्ट सांगतात, की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये तोंडातून किंवा गुदद्वारातून तापमान नेहमीच्या पद्धतीने घेऊ नये. चार आठवड्यांच्या आतल्या बाळाला काखेत इलेक्ट्रॉनिक थर्मामीटर. त्यापुढे काख किंवा कान. अमेरिकेत मात्र तीन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी अजूनही गुदद्वारातलं मोजमापच पक्कं धरतात. आपल्याकडे सरकारी नवजात कार्यक्रमात काखच वापरतात.

त्यामुळे लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेलेल्या आजीला तिथली नर्स जे सांगेल आणि लंडनच्या नातवाची नर्स जे सांगेल ते वेगळं असेल. दोघींना मूर्ख ठरवायची गरज नाही. तिथल्या डॉक्टरांनी गुदद्वारातूनच मोजा म्हटलं असेल तर नर्सकडून एकदा समोर करून घ्या: लवचीक टोकाचं डिजिटल थर्मामीटर, टोकाला पेट्रोलियम जेली, अर्ध्या इंचाहून आत नाही, अडलं तर ढकलायचं नाही. त्यासाठीचं थर्मामीटर वेगळं, वर नाव लिहिलेलं. केमोथेरपी चालू असलेलं मूल, रक्तातल्या पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी असलेलं मूल, जुलाब होत असलेलं किंवा त्या भागाची शस्त्रक्रिया झालेलं मूल असेल तर कोणीही सांगितलं तरी आधी "हे चालेल ना?" असं विचारा.

भारतात घरच्या घरी हे करू नका, असं माझं सरळ मत आहे. काखेत नीट मोजलेला आकडा निर्णय घ्यायला पुरतो.

काखेत मोजायचं कसं

"काखेतलं बरोबर येत नाही" ही तक्रार खरी असते, पण दहातल्या नऊ वेळा थर्मामीटर काखेत नसतंच. झबल्याच्या बाहीत असतं, किंवा टोक पाठीमागून बाहेर डोकावत असतं. म्हणून हे जरा सावकाश वाचा.

१. वेळ निवडा. मालिश, शेक, अंघोळ आणि धुरी झाल्यावर लगेच मोजू नका. अर्धा तास जाऊ द्या. शेगडीजवळ झोपवलेल्या, कुंची-टोपडं आणि दोन दुपट्यांत गुंडाळलेल्या बाळाचं अंग नुसत्या गुंडाळण्यानेच तापलेलं असू शकतं. विदर्भात, मराठवाड्यात मे महिन्यात हे फार होतं. अशा वेळी आकडा वाढलेला दिसला तर जास्तीचे कपडे काढा, अंगावर पाजा, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा.

२. थर्मामीटर चालू करा. आधी मागच्या वेळचा आकडा क्षणभर दिसतो, तो आजचा समजू नका. मग "एलओ" ही इंग्रजी अक्षरं येतात किंवा एककाचं चिन्ह लुकलुकायला लागतं. तेव्हा ते तयार झालं.

३. हात बाहीतून बाहेर काढा. काख घामेजली असेल तर मऊ कापडाने टिपा, खसाखसा पुसू नका. बाळ ज्या कुशीवर झोपलं होतं ती काख टाळा. आणि आज उजवी घेतली तर उद्याही उजवीच घ्या.

४. टोक काखेच्या खळग्यात सगळ्यांत खोल जागी ठेवा, थर्मामीटर बाळाच्या अंगालगत, टोक वरच्या बाजूला. धातूचं टोक चारी बाजूंनी कातडीत झाकलं गेलं पाहिजे. गुटगुटीत बाळाच्या काखेतली घडी फसवते; घडीत टोक अडकलं तर ते खळग्यात गेलंय असं वाटतं. बोटाने चाचपून बघा.

५. बाळाचा दंड छातीशी टेकवून कोपर हलकं धरून ठेवा. तान्ह्याला मांडीवर घेऊन, अंगावर पिताना हे सगळ्यांत सोपं जातं. वरची, मोकळी काख घ्यायची.

६. बीप वाजेपर्यंत हलू नका. स्वस्त थर्मामीटर कधीकधी घाईने बीप देतं. शंका असेल तर बीपनंतरही आणखी मिनिटभर तिथेच राहू द्या. आकडा आणखी चढला तर चढलेला धरा. लागोपाठ दोनदा मोजल्यावर एक-दोन दशांशांचा फरक पडणारच, तेवढी चूक यंत्रात गृहीत धरलेली असते.

७. लगेच लिहून ठेवा: वेळ, आकडा, काख, शेवटचं औषध कधी आणि किती दिलं. फोनमध्ये लिहा, फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहा, कुठेही. "मघाशी एकशे एक की काय होता" याचा डॉक्टरांना उपयोग नसतो.

नंतर टोक साबणाच्या पाण्याने किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. उकळू नका. चहात किंवा गरम पाण्यात बुडवून "चालतंय का" बघण्याचा प्रकारही नको, त्यात ते बिघडतं. आणि एक गोष्ट जी खोक्यावर बारीक अक्षरांत असते: आतला बटणसेल. मुलाने तो गिळला तर अन्ननलिका जळून जीवावर बेतू शकतं. मागचं झाकण सैल झालेलं थर्मामीटर मुलाच्या हातात खेळायला देऊ नका, काढलेला सेल ओट्यावर ठेवू नका.

पाचेक वर्षांच्या मुलाला तोंडात जिभेखाली धरता येतं, पण ओठ मिटून स्वस्थ बसण्याइतकं ते समंजस हवं आणि गार-गरम काही खाल्लं-प्यायलं असेल तर अर्धा तास झालेला हवा. नाहीतर काखच बरी.

"काखेतला आहे ना? मग एक मिळवा"

ही बेरीज आता सोडून द्या. काख आणि शरीराचा गाभा यांच्यातला फरक ठरावीक नसतो. वय, अंगावरचे कपडे, ताप चढतोय की उतरतोय, यानुसार तो बदलतो. कधी अर्धा अंश असतो, कधी दीड. घरातल्या एकाने आधीच एक मिळवला, दुसऱ्याने ते न कळून आणखी एक मिळवला, आणि १०० चा ताप फोनवर १०२ होऊन डॉक्टरांपर्यंत पोचला, हे सर्रास होतं. आकडा जसा दिसला तसा सांगा आणि कुठे मोजला ते सांगा. बेरीज-वजाबाकी त्यांची त्यांना करू द्या.

हात, बंदूक, कान, पट्टी

हात लावून बघणं टाकाऊ नाही. आईला अंग गार लागलं तर बहुतेक वेळा ताप नसतोच. पण गरम लागलं की ताप असेलच असं नाही; हाताला ताप खरा असतो त्यापेक्षा जास्त वेळा "सापडतो". तेव्हा हात हा मोजायचं की नाही हे ठरवायला. औषध हाताच्या भरवशावर द्यायचं नाही.

कोविडात दुकानाच्या दारात मनगटावर धरायचे त्या बंदुका घरात पडून आहेत. त्या कातडीतून बाहेर पडणारी उष्णता वाचतात. घाम, तेल, पंखा, एसी, नुकतंच उन्हातून येणं, सगळ्यांनी आकडा हलतो. वापरायचीच तर घरात आल्यावर अर्धा तास थांबून, कपाळ कोरडं करून, यंत्रासोबतच्या कागदावर लिहिलेल्या अंतरावरून. ती शरीराच्या मोडवर आहे की वस्तूच्या, हेही बघा. वस्तूच्या मोडवर ठणठणीत मूलही ९३-९४ दाखवतं. झोपलेल्या मुलाला न उठवता अंदाज घ्यायला ती ठीक. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाबद्दल तिच्यावर निर्णय सोडू नका.

कानाचं यंत्र वेगवान आणि चांगलं, पण टोक पडद्याकडे रोखलेलं हवं. मोठ्या मुलाचा कान वर आणि मागे ओढायचा, तान्ह्याचा नुसता मागे. लहान बाळाची कानाची नळी अरुंद असल्याने अमेरिकेतले डॉक्टर सहा महिन्यांपर्यंत ते टाळायला सांगतात. कपाळावर चिकटवायच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या आणि चोखणीतलं थर्मामीटर यांवर पैसे घालवू नका.

मूल रुग्णालयात दाखल असेल तेव्हा

वॉर्डात सगळ्यांसाठी एकच थर्मामीटर, ते जंतुनाशकाच्या पेल्यात बुडवलेलं, आणि पहाटे सगळ्या मुलांना उठवून काखेत: ही पद्धत काही ठिकाणी अजून दिसते. एकाच यंत्राचे धोके कागदी नाहीत. ऑक्सफर्डच्या रुग्णालयात २०१५ ते २०१७ दरम्यान मेंदूविकाराच्या अतिदक्षता विभागात एका चिवट बुरशीचा संसर्ग पसरला, आणि शोध घेतल्यावर तो पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या काखेतल्या तापमापकांशी जोडलेला निघाला. तुमच्या मुलाचं थर्मामीटर सोबत न्या आणि "सिस्टर, आमचं आहे, हेच वापरता का?" असं विचारा. बहुतेक सिस्टर आनंदाने हो म्हणतात. नाहीतर आधी स्पिरिटने पुसून घ्यायला सांगण्यात उद्धटपणा काही नाही.

दर चार तासांनी उठवून मोजण्याबद्दलही विचारता येतं. गंभीर आजारी मुलाला ते लागतंच, तिथे हुज्जत नको. पण उद्या घरी जाणारं मूल गाढ झोपलं असेल तर "जागं झाल्यावर घेतलं तर चालेल का?" हा प्रश्न रास्त आहे. घरी तर तापासाठी झोपलेल्या मुलाला उठवू नका. (तीन महिन्यांच्या आतलं बाळ, किंवा उठवूनही नीट जागं होत नाही अशी शंका असलेलं मूल, हे अपवाद.)

आता आकड्याचं काय करायचं

दोन महिन्यांच्या आतलं बाळ: काखेत ९९.५ किंवा जास्त असेल, जास्तीचं पांघरूण काढून पुन्हा मोजल्यावरही तेवढंच असेल, तर त्याच वेळी दवाखाना गाठा. घरात पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही. उलट्या बाजूलाही तेवढंच लक्ष हवं. नवजात बाळाचं तापमान ९७.७ ते ९९.५ असावं. त्याखाली गेलं तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून घ्या, वरून दोघांना पांघरा, पाजा. उबेने वर येत नसेल किंवा ९५.९ च्या खाली असेल तर लगेच निघा. तान्ह्या बाळात जंतुसंसर्ग कधीकधी तापाऐवजी गार पडण्याने दिसतो, आणि "ताप नाही ना, मग बरं आहे" म्हणून घरं गाफील राहतात.

हे घरच्या घरी करता येतं याचा मोठा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले, आणि पुढे देशभरातल्या आशाताईंच्या गृहभेटी त्याच वाटेने सुरू झाल्या. तुमच्या गावात आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात तेव्हा त्यांच्याकडून काखेत मोजणं एकदा शिकून घ्या.

दोन ते तीन महिने: १००.४ किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. तीन ते सहा महिने: १०२.२ च्या वर गेला तर तसंच. सहा महिन्यांच्या पुढे मात्र आकड्यापेक्षा मुलाकडे बघा. १०३ ताप असून औषधानंतर खेळणारं मूल एकवेळ घरी थांबू शकतं. १०० ताप असून मलूल पडलेलं, पाणी न पिणारं, श्वास जोरात घेणारं, सहा-आठ तास लघवी न केलेलं, मान ताठलेली किंवा दाबल्यावरही न जाणारे लाल-जांभळे ठिपके अंगावर असलेलं मूल थांबवायचं नाही. ताप तीन दिवस टिकला तर मूल कितीही हसत असलं तरी दाखवा. १००.४ च्या वरचा ताप दातांमुळे येत नाही.

पावसाळ्यात डेंगीच्या दिवसांत आणखी एक सावधगिरी. डेंगीत धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत. थर्मामीटर ९८ दाखवतंय आणि मूल पोट दुखतंय म्हणतंय, सारखं ओकतंय, हातपाय गार पडलेत, तर आकड्यावर विसंबू नका.

पट्ट्या, थेंब आणि चमचे

बर्फाचं पाणी, कोलनवॉटर, स्पिरिट, यातलं काही अंगाला लावायचं नाही. स्पिरिट कातडीतून शोषलं जातं, थंड पाण्याने हुडहुडी भरून आतली उष्णता उलट वाढते. कोमट पाण्याने पुसल्याने मूल काही वेळ गार लागतं, पण किरकिरतं जास्त. ब्रिटनच्या सूचनांत तेही आता नाही. पातळ सुती कपडे, पंखा, वरचेवर दूध-पाणी एवढं पुरतं. "ताप डोक्यात जाईल" ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते हे खरं. ताप उतरवायचं औषध वेळेवर देऊन ती टळत नाही, आणि अशा साध्या आकडीने मेंदूला इजाही होत नाही. पण पहिली आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि दवाखान्यात न्याच.

औषध मूल बेचैन असेल तर. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, साधारण दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये किमान चार ते सहा तास. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय देऊ नका, कारण एकाच औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. साडेसात किलोच्या बाळाला साधारण ११० मिलिग्रॅम लागतं. ते थेंबांच्या बाटलीत, जिथे १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, जेमतेम १.१ मिलिलिटर होतं. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमवाल्या सिरपमध्ये साडेचार, आणि २५० वाल्यात सव्वादोन. थेंबांची बाटली उचलून चमचाभर पाजलं की पाचशे मिलिग्रॅम पोटात गेलं. बाटलीसोबत आलेलं मापच वापरा, घरातला चमचा नको. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंद आहे, ॲस्पिरिन मुलांना तापात देत नाहीत. मोठ्यांच्या डब्यातली अर्धी गोळी मोडून देण्याची सवय म्हणूनच धोक्याची. आणि औषधाने ताप उतरला म्हणजे आजार किरकोळ, असा अर्थ काढू नका. गंभीर आजारातही तो उतरतो.

डॉक्टरांना फोन लावायच्या आधी एवढं कागदावर उतरवा आणि वाचून दाखवा: "वय सात महिने. वजन साडेसात किलो. काल संध्याकाळपासून ताप. आत्ता साडेनऊला काखेत डिजिटलवर १०१.८, काही मिळवलेलं नाही. सहा वाजता पॅरासिटामॉलचे १.१ मिलिलिटर थेंब दिले. अंगावर पितोय, पण नेहमीपेक्षा कमी. दुपारपासून तीनदा लघवी केली. अंगावर पुरळ नाही."